चमकवलेलं पातं

प्रीतम गजभिये धंतोलीतल्या एका लॅबमध्ये दात बनवतो. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे येतात. त्यांवरून तो कवळ्या घडवतो आणि परत पाठवतो. पुसद, गोंदिया, वरोरा, कुठकुठली माणसं त्याच्या दातांनी जेवतात. त्यांतल्या एकालाही तो ओळखत नाही. ते त्याला बरं वाटतं. काही चुकलंच तर माणूस डॉक्टरशी भांडतो, प्रीतमशी नाही.

रविवारी मात्र तो प्रतापनगरला असतो, भैरवी देशकरच्या गॅरेजात. भैरवी फर्निचर करते. उघड्या पात्याचे जुन्या धर्तीचे वस्तरे सजवण्याचा तिला नाद आहे आणि तिने आणखी काही जणांना तो लावला आहे. यंदा तिने नवशिक्यांची स्पर्धा ठेवली. सगळ्यांना सारखाच वस्तरा, बाजारातला सगळ्यात स्वस्त. पातं बोथट, मूठ प्लास्टिकची. मूठ बदला, पातं घासा, धार लावा. शेवटी ज्याने त्याने आपल्या वस्तऱ्याने सगळ्यांसमोर स्वतःची दाढी करायची. दाढी झाली नाही तर वस्तरा बाद, मग तो कितीही देखणा असो. जिंकणाऱ्याला बाकीचे तर्री-पोहे खाऊ घालणार.

प्रीतमने कवळीच्या हिरड्यांसाठी वापरतात त्या गुलाबी मसाल्याची मूठ ओतली. गॅरेजभर हशा झाला.

“हे त हसून राहिलं गा!” चंपतराव म्हणाले. “दात लावाचेच राहिले फक्त.”

चंपतराव डेकाटे सावनेरहून एसटीने यायचे. तिकडच्या कोळसा खाणीत त्यांनी जन्मभर विंच चालवला होता. माणसं खाली सोडायची, वर घ्यायची. निवृत्त झाले आणि उजवा हात किंचित थरथरू लागला. मुलाने स्कूटरची किल्ली काढून घेतली. सून कपात अर्धाच चहा ओतू लागली. दर रविवारी प्रीतम त्यांना मोटरसायकलवरून गणेशपेठच्या स्टँडवर सोडायचा. तिथे बसची वाट पाहताना एकदा ते म्हणाले, “इथं हात चालला ना गा, त घरी किल्ली मागतो. छाती ठोकून मागतो.”

त्यांनी तेंदूच्या काळ्या लाकडाची मूठ केली होती, हाताने घासून. पात्यावरचे ओरखडे मात्र जात नव्हते.

“प्रीतम, तुह्या लॅबातल्या मशीनवर जरासं फिरवून दे ना. चालते ना वं भैरवी?”

“पॉलिशला चालतं काका. धार मात्र तुमची तुम्ही लावायची.”

प्रीतम पातं लॅबमध्ये घेऊन गेला. त्या दिवशी कवळ्यांची घाई होती. जेवणाच्या सुट्टीत त्याने मोटर सुरू केली, सवयीने हातमोजे चढवले आणि पातं फिरत्या चाकावर दाबलं. कवळीच्या सांगाड्याचा धातू कितीही तापला तरी त्याला काही होत नाही. वस्तऱ्याच्या पोलादाचं तसं नसतं. भैरवीने पहिल्याच रविवारी सांगितलं होतं: उघड्या बोटांनी धरा, बोटाला चटका बसला की पाण्यात बुडवा. पातं निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. मग त्यावर धार टिकत नाही.

मोज्यांतून चटका लागला नाही. त्याने पातं उचललं तेव्हा धारेच्या कडेने निळी रेघ उमटली होती.

मग त्याने चाकाला पॉलिशचं मेण लावलं आणि निळा रंग पुसून टाकला. पातं आरशासारखं झालं. नवं मागवता आलं असतं. त्यासाठी सांगावं लागलं असतं.

चंपतरावांनी पात्यात स्वतःचे दात पाहिले. “वा गा! तुह्या हाताले सोन्याचं कडं पायजे.”

मग त्यांचे फोन सुरू झाले. “धार येते गा. दोनदा गालाले लावली की जाते. दगड बदलून पाह्यला. बसून पाह्यलं, उभा राहून पाह्यलं. माह्या हातातच काही राह्यलं नाही काय त.”

“करत राहा काका,” प्रीतम म्हणायचा. प्रत्येक वेळी तेच.

स्पर्धेच्या दिवशी चंपतरावांनी गालाला फेस लावला. पहिल्या ओढीत केस ओढले गेले. दुसऱ्या ओढीत जबड्याखाली रक्त आलं. भैरवीने तुरटी पुढे केली. ते हसले. “म्हातारा बाद. चला, समोरचा.”

समोरचा म्हणजे पुढचा, प्रीतम. त्याचा वस्तरा लोण्यासारखा फिरला. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात चंपतरावांनी वाजवल्या. तर्री-पोहे त्याने मान खाली घालून संपवले.

स्टँडवर चंपतरावांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेले धारेचे दगड काढले. “हे तूच ठेव. तुह्या हातात शोभते. माही किल्लीची गोष्ट खतम झाली.”

प्रीतमने दगड घेतले. जड होते. सावनेरची बस लागली. लोक चढू लागले.

“काका, तुमच्या हाताले काही झालं नाही,” तो म्हणाला. “पातं म्या जाळलं. मशीनवर निळं पडलं होतं. म्या पुसून टाकलं.”

चंपतरावांना आधी समजलं नाही. मग समजलं.

“निळं पडलं होतं?”

“हाव.”

“अन् मी रोज फोन करून राहिलो होतो.”

“हाव.”

“पातं गेलं त गेलं. लोखंडच होतं. पण मी माह्या हाताले शिव्या देऊन राहिलो होतो गा. तू आयकत होता. तुनं काहून नाही सांगतलं?”

चंपतरावांनी प्रीतमच्या हातातून दगड काढून घेतले आणि बसमध्ये चढले. प्रीतमच्या बाजूची खिडकीजवळची जागा रिकामी होती. ते पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.

प्रीतमने भैरवीला सगळं सांगितलं. जिंकणं परत घे म्हणाला.

“परत कसं घेऊ? पोहे तर खाऊन झाले,” ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. “नवं पातं मी पाठवते. तू पाठवू नकोस. तुझ्या हातचं ते घेणार नाहीत.”

पुढचे काही रविवार चंपतरावांची खुर्ची रिकामी होती. कोणी विचारलं की भैरवी ‘येतील’ म्हणायची आणि प्रीतम काहीतरी घासत बसायचा. फोन करायला त्याचं बोट नावापर्यंत जायचं. कसा आहे हात, हे विचारायचा हक्क आपण घालवला आहे, हे त्याला कळत होतं.

मग एका रविवारी ते आले. प्रीतमशेजारी बसले नाहीत. कोणाशी फार बोलले नाहीत. फेस लावला. तेंदूच्या मुठीत भैरवीने पाठवलेलं नवं पातं होतं, पॉलिश न केलेलं, मळकट, ओरखड्यांचं. हात थरथरत होता. पातं गालाला टेकलं तेव्हा थरथरत नव्हता. एक गाल झाला, दुसरा झाला, गळा झाला. गॅरेजात फक्त केस कापल्याचा बारीक आवाज.

“आज घरी जाऊन मागतो किल्ली,” ते भैरवीला म्हणाले.

टाळ्या पडल्या. प्रीतमनेही वाजवल्या, पण हळू, आपला आवाज वेगळा ऐकू येऊ नये अशा.

चंपतरावांनी तोंड धुतलं. इकडे तिकडे पाहिलं. मग ओला वस्तरा प्रीतमसमोर धरला.

“पूस,” ते म्हणाले. “फक्त पुसजो. चमकवू नको.”

प्रीतमने मऊ कापड घेतलं. पातं उघड्या बोटांनी धरलं आणि पुसू लागला. चंपतराव त्याच्या हातांकडे बघत उभे राहिले, ते पुसून होईपर्यंत.