काकाच्या मापाची पेटी

सीमेवर लढाई चालू होती, म्हणून माझा चुलतभाऊ गेल्याची बातमी कळल्यावर वसईजवळच्या आमच्या गास गावात सगळ्यांना आधी वाटलं की तो लढाईत मारला गेला. पण हवाई दलात तो अजून विमान चालवायला शिकतच होता. सराव चालू असताना विमान शेतात कोसळून पेटलं. आत तो आणि त्याचा शिक्षक, दोघंच होते. का कोसळलं, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही.

संध्याकाळपर्यंत त्या आगीचा व्हिडिओ गावातल्या प्रत्येक फोनवर आला होता. पळत शूटिंग करणाऱ्या कुणाचा तरी श्वास ऐकू येतो, मग दाणकन आवाज, मग झाडांच्याही वर ज्वाळा. भेटायला आलेले लोक काकाच्याच अंगणात बसून तो पुन्हा पुन्हा लावत होते. काकाने एकाच्या हातातून फोन ओढला आणि विहिरीच्या कठड्यावर आपटून फोडला.

“पॅराशूट असतं त्यांना,” तो म्हणाला. “उडी मारली असणार त्याने. पडून गेला असेल. जळाला नाही तो.”

फोनवाला काचा वेचत होता.

आमच्याकडे मयताची पेटी गावातलाच सुतार करतो. माप घ्यायला तो आला, पण मयत अजून आलंच नव्हतं, माप कुणाचं घेणार? बाप आणि मुलगा एकाच उंचीचे होते. सुतार नुसताच टेप हातात धरून उभा राहिला, तेव्हा काका आपणहून ओटीवर आडवा झाला. “घे. खांद्यात दोन बोटं जास्त ठेव. माझ्यापेक्षा रुंद होता तो.” काकीने हे दारातून पाहिलं. तिला एकच गोष्ट करायची होती. मुलाला या पेटीत ठेवून त्याच्या बोटांत रोझरीची जपमाळ स्वतः गुंडाळायची होती. आमच्या ख्रिस्ती लोकांत आई असली तर हे काम दुसरं कुणी करत नाही.

दोन दिवसांनी हवाई दलाची गाडी आली. त्यांची पेटी वेगळीच होती. लाकडाच्या आत पत्रा, कडेने झाळून पक्का बंद केलेला, वर झेंडा. चौघांनी ती ओटीवर ठेवली. काकाने झेंडा नीट घडी करून अधिकाऱ्याच्या हातात दिला आणि आतून पहार आणली.

“साब, बॉडी इसमें से उसमें डालेंगे,” तो सुताराच्या पेटीकडे बोट दाखवत म्हणाला.

अधिकाऱ्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. तोवर पहार झाकणाखाली गेली होती. दोन जवानांनी काकाला मागून धरलं. त्याने कोपर मारलं. एकाचा ओठ फुटला. दुसऱ्याने काकाचं तोंड भिंतीवर दाबलं, तेव्हा गावातली पोरं ओटीवर चढली. खुर्च्या उडाल्या. माझ्या शेजारी कुणाची तरी चप्पल येऊन पडली.

“अरे, त्या इंग्लिश मीडियमवालीला पुढे करा!” माझ्याकडे बोट दाखवत कुणीतरी ओरडलं. “तो साहेब काय बोलतोय ते तरी कळू दे. एरवी तोंडातून शब्द निघत नाही तिच्या, आज तरी बोल, बाय!”

अधिकाऱ्याला हिंदी येत होती. पण पुढचं वाक्य त्याने मला एकटीला, हळू आवाजात, इंग्लिशमध्ये सांगितलं. हलवण्यासारखं शरीर आत नाही. शेतातून जे गोळा करता आलं, तेवढंच आहे.

सगळे माझ्याकडे बघत होते. मला शाळेतला शब्द आठवला. मी म्हणाले, “आत अवशेष आहेत.”

“काय आहेत?” काका भिंतीजवळूनच म्हणाला. “अवशेष काय? ते तर किल्ल्याचे असतात.”

माझाही तो शब्द तिथलाच होता, शाळेच्या सहलीत वसईच्या किल्ल्यात ऐकलेला. घरच्या बोलीत कुणी तो वापरत नाही. घरच्या बोलीत यासाठी एकच शब्द आहे आणि मी तो बोलले.

“तुकडे, काका.”

जवानांनी त्याला सोडलं होतं की तो निसटला, मला माहीत नाही. त्याची थप्पड माझ्या कानावर बसली आणि मी खांबावर आदळले. कानात शिटी वाजत राहिली. त्या शिटीतूनच मला काकीचा आवाज आला.

“विचार त्याला. हात असेल ना? एक तरी?”

मी विचारलं. अधिकारी म्हणाला, मला माहीत नाही, मी पोचलो तेव्हा पेटी बंद झाली होती. हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं.

“मग उघड,” काकी काकाला म्हणाली. “मी शोधते.”

काकाने पहार उचलली. ती काकीच्या हाती लागू नये म्हणून त्याने ती ओटीवरून लांब वाडीत फेकली आणि हवाई दलाच्या त्या पेटीवर बसला.

“नाही उघडणार.”

“आता तर उघडत होतास!”

“नाही.”

तिने त्याला मारायला सुरुवात केली. आधी छातीवर, मग तोंडावर, रोझरी गुंडाळलेल्या मुठीनेच. त्याच्या गालावर क्रुसाने ओरखडा उठला, मग दुसरा. “ऊठ, मेल्या. नऊ महिने मी वाढवला त्याला. मी ओळखीन. बोट असलं तरी ओळखीन.” बायका तिला आवरायला धावल्या, तर काकानेच त्यांना हाताने थांबवलं. पाय जमिनीला घट्ट रोवून तो मार खात राहिला.

फादर आले, चर्चमधल्या मिस्साची वेळ झाली, तरी तो उठला नाही. ओठ फुटलेला जवान पुढे आला, त्याने काकाच्या बगलेत हात घातला आणि म्हणाला, “चलो, अंकल.” काकाने आधी काकीकडे पाहिलं. ती दमून खाली बसली होती. तेव्हा तो उठला.