ब्रेक ऑइल म्हणजे ऑइल नसते

मंडळी, माह्या हातानं बाबाच्या कारची वाट लागली.

कार माह्यापेक्षा दोन वर्षं मोठी हाय. सीट कव्हर, हेडलाइट, सारं आमी बापलेक अंगणातच बदलतो. परवा बोनेट उघडलं तं ब्रेक ऑइल कमी दिसलं. घरी इंजिन ऑइलचा डबा होता. दोनी ऑइलच, मनून मी थेच ओतलं.

आज मी न् बाबा कार घेऊन निघालो, तं मेडशीच्या फाट्यावर चाकं जाम झाले. फाट्यावरच्या मेकॅनिकनं ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून वास घेतला. "ब्रेकमंदी इंजिन ऑइल कोनं टाकलं? सारे रबर फुगले. या गाडीचे पार्ट आता भेटत नाई!"

बाबानं एक डाव माह्याकडं पाह्यलं. "म्या टाकलं. डोयानं दिसत नाई आता."

"मंग कायले हात लावता, काका?" मेकॅनिक हासला. बाबानं मान खाली घातली. मी तरीबी गप्पच.

चाकं मोकळे करून गाडी ओढून घरी आणली. तवापासून बाबा स्टेअरिंगवर हात ठेवून तिच्यातच बसून हाय. जेवाले आला नाई.

असल्या जुन्या गाडीचं ब्रेकचं सामान कोनाजवळ असन तं सांगा. आन् बाबासमोर कोन्या तोंडानं जाऊ, थेबी सांगा.