लाईट गेल्यावरचं शहाणपण

कोणत्या तोंडानं सांगू कळत नाही, पण ज्या गाढवपणावरून मी चारचौघांना मूर्खात काढत होतो, तोच मी केला. आणि तोही साक्षीदारासमोर!

मी परभणीत विज्ञानाचा मास्तर. हौशी रेडिओचं, म्हणजे घरातून बिनतारी बोलायचं लायसन आहे. सिग्नल लांब जावा म्हणून ॲम्प्लिफायर घरीच बांधलाय. त्याच्या पोटात अडीच हजार व्होल्ट.

गेल्या महिन्यात झरीला वायरमन लोकांपुढं करंटच्या धोक्यावर भाषण ठोकलं. "लाईट गेली की तुम्ही बिनधास्त तारांत हात घालता. अरे, लाईट जाते, कपॅसिटरमध्ये साठलेला करंट तिथंच बसून राहतो! आधी प्लग काढा. मग अर्थिंगची तार बांधलेली काठी लावून तो उतरवा."

समोर पेडगावचे सखारामराव बसले होते. शेतातल्या मोटारी दुरुस्त करतात. "हे बघा, रबरी स्लिपरच्या भरवशावर जगणारी माणसं," म्हणून मी त्यांच्याकडं बोट दाखवलं. सगळे हसले. ते मात्र खाली मान घालून वहीत लिहीत होते.

परवा ॲम्प्लिफायर बिघडला. त्यातला ट्रान्सफॉर्मर जड, म्हणून सखारामरावांना बोलावलं. उचलायला हो, अकलेसाठी नव्हे. मशीन चालू करून दाखवत होतो तोच लाईट गेली. म्हटलं, बरंच झालं. झाकण काढलं.

"सर, काठी?"

"कशाला? लाईट गेलीय, दिसत नाही का?"

"आन प्लग?"

"अहो, पंखा बंद आहे. करंट काय आभाळातून येणार?"

हात आत घालणार, तेवढ्यात त्यांनी माझी कॉलर धरून मागं ओढलं. मास्तरची कॉलर! माझं डोकंच फिरलं.

"मला शिकवायलेत का तुमी?"

त्यांनी आधी प्लग उपटला. कोपऱ्यातली माझीच काठी आणून आत लावली.

फाट्कन आवाज झाला, निळा जाळ उठला. मी दारापर्यंत पोचलो होतो. आणि वर बघतो तर पंखा फिरायला लागलेला. लाईट आली होती.

खरं सांगतो, लय भ्यालो. त्या पाच मिनिटांत मी एकदा नाही, दोनदा मेलो असतो; एकदा साठलेल्या करंटनं, एकदा परत आलेल्या लाईटनं.

सखारामराव हसले नाहीत. काठी जागेवर ठेवली, हात पुसले आणि अगदी अदबीनं विचारलं, "सर, झरीच्या त्या भाषणाला तुमी आलते का?"