बारावा पक्षी

हे मी आमच्या ह्यांनाही कधी सांगितलं नाही, आणि ते जाऊनही आता सहा वर्षं झाली. मुलाला नाही, सुनेला नाही. नातीला तर मुळीच नाही — तिच्या पोटात काही राहत नाही. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. की ओळखता? टीव्हीवर पाहिलं असेल तर ओळखतही असाल.

हो, ती मीच. मोठ्या माणसांना शाळकरी पोरांसमोर उभं करतात आणि चौथी-पाचवीच्या पुस्तकातले प्रश्न विचारतात — त्या कार्यक्रमात अंजिरी साडीतली जी म्हातारी निवेदकाची टर उडवत होती, ती. अर्ज नातीनं भरला होता, मला न विचारता. नागपूरला बोलावणं आलं. माझ्या आधी एक वकीलसाहेब होते. त्यांना सतराचा पाढा विचारला तर ते पाणी मागायला लागले. मी मात्र अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये खडू झिजवलेली बाई. मला कोण हरवणार?

पण टीव्हीचं नंतर. आधी मागचं सांगायला हवं — आणि तेच जड जातं आहे.

माझी पहिली नेमणूक झरी जामणीच्या बाजूला, जंगलातल्या एका गावात झाली. एका शिक्षकाची शाळा. वय वीस. आता त्या वीस वर्षांच्या बाईकडे पाहिलं की हसू येतं आणि दोन द्याव्याशाही वाटतात. टेरिकॉटच्या साडीला पिन, पायात उंच टाचेची चप्पल, डोळ्यांवर गॉगल. सागाच्या जंगलात गॉगल! बकऱ्या बिचकायच्या मला पाहून. मला वाटायचं, ज्ञान म्हणजे काय ते माझ्या पर्समध्ये आहे आणि मी ते इथल्या अडाण्यांना वाटायला आले आहे.

गावापासून मैलभरावर पोड होता — कोलाम आदिवासींच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. तिथून चार-पाच पोरं यायची. त्यांतली एक भिमी. चौथीत होती. कोलामी घरची भाषा, मराठी शाळेतली, तरी वाचायला लागली की अडखळायची नाही. मला ती आवडायची का? खरं सांगू — नाही. ती फार बघायची. मी फळ्यावर लिहीत असले तरी माझ्या पाठीकडे बघते आहे, असं वाटायचं.

त्या वर्षी तपासणी लागली. त्या काळी तपासणी म्हणजे काय असायचं, ते त्या काळच्या शिक्षकालाच कळेल. शेणानं जमीन सारवायची, दारात आंब्याचं तोरण, साहेबांसाठी पोहे आणि भिंतीभर तक्ते. शिकवलं किती हे कोण बघतो? तक्ते बघत. मी रंगीत कॅलेंडरं कापून पक्ष्यांचा तक्ता केला. चार ओळी, एका ओळीत तीन घरं. अकरा पक्षी मिळाले. बारावं घर रिकामं राहिलं, आणि रिकामं घर दिसायला वाईट. एका जुन्या मासिकात वटवाघळाचं चित्र सापडलं. पंख होते, उडत होतं. चिकटवलं. तेसुद्धा डोकं वर करून, कारण उलटं लटकलेलं बरं दिसेना.

साहेब आले, पोहे खाल्ले, आणि तक्त्याकडे बोट करून विचारलं, पक्षी किती? पोरं एका सुरात ओरडली — बारा. एक आवाज मागून आला. अकरा.

साहेबांनी तिला उभं केलं. कोणता कमी केलास, म्हणाले. भिमी पुढं आली, बोट ठेवलं. "हे पाखरू नाही व्हय. हे पिलाले दूध पाजते. मी पाह्यलं."

साहेब माझ्याकडे वळले. त्यांनाही माहीत नसावं. चेहऱ्यावरून तरी तसंच वाटलं. वर्ग माझ्याकडे बघत होता, गावचा सरपंच दारात उभा होता. मला काय म्हणता आलं असतं? पुस्तकात बघून सांगते — एवढंच. तीन शब्द. मी हसले. मी म्हणाले, "पोडावरची आहे साहेब, जंगलात काहीबाही ऐकते. उडतो तो पक्षी." साहेब हसले. सरपंच हसला. मग पोरंही. आणि मी तिला बाहेर उभं केलं, साहेबांसमोर उलट बोलली म्हणून. साहेबांची जीप जाईपर्यंत ती उन्हात उभी होती.

त्याच संध्याकाळी मी पेटीतलं पुस्तक काढलं. ते पान मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. सस्तन प्राणी, आणि त्या यादीत वटवाघूळ.

तुम्ही म्हणाल, वीस वर्षांची पोर, पहिली तपासणी, घाबरली असेल. मीही स्वतःला पुष्कळ वर्षं तेच सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी तर कोणी साहेब नव्हते ना? तिसऱ्या दिवशी? भिमी रोज समोर बसायची. मी काही बोलले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळेत कोणी नसताना, मी वटवाघळावर पोपटाचं चित्र चिकटवलं. मग बारा बरोबर झाले.

एवढंच असतं तरी कदाचित — नाही. पुढचं लिहिते.

सुट्टी लागायच्या आधी केंद्रशाळेतून कागद आला होता. तालुक्याला मुलींची निवासी शाळा होती. तिथं पाचवीसाठी प्रत्येक शाळेतून एका मुलीचं नाव पाठवायचं होतं. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तिथं. मला विचार करायची गरज नव्हती. भिमीच. तिचा बाप दोनदा येऊन दारात बसून गेला होता. काही मागितलं नाही त्यानं, नुसता बसून गेला. पण मला वाटलं, ही तालुक्याला जाईल, तिथल्या बाईंना पक्ष्यांचा तक्ता सांगेल, आणि तिथं सगळे हसतील — मला. हसू नये म्हणून मी दुसऱ्या मुलीचं नाव लिहिलं. सोबत चौथीच्या मुलींची यादी जोडायची होती; तीत भिमीच्या नावापुढं शेरा लिहिला: अभ्यासात मागे, उलट उत्तरे देते. अक्षर माझं सुंदर. आजही सुंदर आहे.

पाचवीची शाळा गावात नव्हती. भिमी मोहफुलं वेचायला आईबरोबर जायला लागली. दोन वर्षांनी माझी बदली झाली. तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं. मी पुढं आदर्श शिक्षिका झाले, हेही सांगून टाकते. हारही घातला होता.

आता टीव्ही. शेवटचा प्रश्न पडद्यावर आला: वटवाघूळ कोणत्या गटात मोडतं? समोर टाय घातलेली मुलगी पाटीवर लिहीत होती; मला तिचं बघायचीही मुभा होती. मी बघितलं नाही. प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत म्हणाले, सस्तन. टाळ्या. निवेदकानं विचारलं, आजी, इतक्या झटक्यात? तेव्हाही मला गप्प राहता आलं असतं. मी काय म्हणाले माहीत आहे? "अडतीस वर्षं हेच तर शिकवलं पोरांना." सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

कार्यक्रम दाखवला त्याच्या चौथ्या दिवशी नेरला आमच्या घरी फोन आला. नंबर अनोळखी.

"बाई, वळखलं का? मी भिमी."

पंचेचाळीस वर्षं.

सुनेच्या मोबाइलवर तिनं मला पाहिलं होतं. नंबर गावच्या मास्तरांनी शोधून दिला. खूप खूश होती. पोडावर सगळ्यांना सांगितलं म्हणाली, ह्या माह्या बाई. मग म्हणाली, "बाई, ते वटवाघुळाचं मले तुमी तवा इच्यारलं होतं ना? मी चुकली होती. बाहेर उभी होती, तेवढं आठोते. काय म्हनलं होतं मी, ते नाही आठवत."

ती बोलत राहिली. माझ्या तब्येतीचं विचारलं, ह्यांचं ऐकून हळहळली. मग नातीचं सांगायला लागली. नात चौथीत आहे. हुशार आहे, पण मास्तरांचंच चुकलं म्हणते, वर्गात उभी राहून म्हणते.

"मी तिले सांगतलं, मास्तर म्हनन तेच खरं. आपल्याले का समजते? चूप बसत जाय. बरं केलं ना बाई?"

फोन कानाशी होता. घरात कोणी नव्हतं. घाई नव्हती.

मी म्हणाले, "बरं केलंस."