वर हलका राहतो

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे साडूभाऊ, यांच्याइतका संताप मला आयुष्यात दुसऱ्या कोणी आणलेला नाही. पेपर मिलमधून निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात. यांनी समुद्राचा तळ हाती घेतला. पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीखाली जाते, हे ठीक. पण पहिल्यांदा ती खाली जायला लागते कशी, हा यांचा प्रश्न. लालबागला आमच्याकडे चहाला आले की पातेल्यातली साय चमच्याने दाबून दाखवणार. "बघा, तळ जुना झाला की थंड होतो, जड होतो, बुडायला तयार होतो. पण तेवढाच ताठही होतो. वाकेल तर जुन्या भेगेपाशी." किती वर्षं लागतात, असं विचारलं की म्हणणार, "लागतात काही कोटी." काही म्हणजे किती? मला आकडा लागतो. तो मिळत नाही, आणि साय मात्र जाते.

तेही मी सोसलं असतं. पण माझ्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत यांनी तोंड उघडलं. मुलगा निंबोल्याचा, घरची केळीची शेती, आणि मुलीने स्वतः पसंत केलेला. अडलं होतं एकाच गोष्टीवर, लग्न त्यांच्या दारी की आमच्या. दोन्हीकडचे हट्टाला पेटलेले, मुलगी दाराआड उभी, आणि साडूभाऊ समजूत घालायला पुढे झाले. "अहो, दोन थर समोरासमोर आले की एकाला वाकावंच लागतं. जड असतो तो खाली जातो. वर हलका राहतो."

मुलाचे काका जिलबी हातातच धरून म्हणाले, "काय म्हणालात? वर हलका?"

"नेहमीच! वर जड असता तर बुडाला नसता?"

"चलो, उठो सब! आपला पोरगा हलका आहे म्हणे!"

"अहो, जिजाजी दगडाबद्दल बोलताहेत!" माझी बायको ओरडली. मग तर काका चपला न शोधताच निघाले. मी साडूभाऊंना सांगितलं, या घराची पायरी पुन्हा चढू नका. मुलगी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. मिलमध्ये मोठ्या साहेबापुढेही कधी न वाकलेला हा माणूस बसने निंबोल्याला गेला होता, आणि दुखरे गुडघे टेकून सगळ्यांदेखत, वयाने लहान असलेल्या काकांच्या पाया पडला होता. "आता आम्ही कशाला ताठ राहायचं? लग्न तुमच्याच दारी करा," काका म्हणाले.

माझा राग उतरला नव्हता. तरी साडूभाऊंना पुन्हा चहाला बोलावलं आणि विचारलं, "ताईंनी ढकललं, की आपणहून गेलात?"

साय दाबत ते म्हणाले, "प्लेट पहिल्यांदा वाकते ती मागून ढकलल्याने की स्वतःच्याच वजनाने, यावर अजून मतभेद आहेत. पण एकदा टोक गेलं ना, की मागची सगळी आपोआप ओढली जाते."

मुलगी आता निंबोल्याला असते. साडूभाऊंना आमच्या जिन्याच्या पायऱ्या हल्ली चढवत नाहीत, म्हणून बायको चहाबरोबर सायीची वाटी खाली ओट्यावरच नेऊन देते. मीही खाली जाऊन बसतो. आकडा ते अजून सांगत नाहीत. मी विचारायचं सोडलंय.