तांब्याचं घनफळ

अमेरिकेत सगळं इष्टिकाचितीच्या आकाराचं आहे, असं बाबांचं ठाम मत होतं. सनीव्हेलमधलं आमचं अपार्टमेंट, दुधाचा डबा, ब्रेड, शेजाऱ्याची गाडी, सगळं. वर्ध्याजवळच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं, त्यामुळे 'खोका' असं साधं म्हणणं त्यांना जमायचं नाही. "लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, संपला विषय. गोलाच्या सूत्राची या लोकांना गरजच नाही," असं ते माझ्या मुलीला सांगायचे.

"आजोबा, व्हॉट अबाउट फुटबॉल?"

"तोही धड गोल नाही तुमचा."

घरात खरी गोलाई एकाच वस्तूला होती, ती म्हणजे त्यांच्या पितळी तांब्याला. दुसऱ्या कशातून पाणी प्यायलं की तहान भागत नाही म्हणून आईने तो बॅगेत साड्यांच्या घडीत घालून आणला होता. मुलीला शाळेत घनाकृती सुरू झाल्या तेव्हा बाबांनी तोच तिच्यासमोर ठेवला. पोट म्हणजे गोल, गळा म्हणजे वृत्तचिती, दोन्ही वेगवेगळे काढ आणि मिळव. "घनफळ म्हणजे आत पाणी किती मावेल. पृष्ठफळ म्हणजे कल्हई किती लागेल." कल्हई म्हणजे काय ते सांगण्यात एक अख्खी दुपार गेली. मग मुलीने सूत्राने काढलेलं उत्तर मेजरिंग कपाने पाणी ओतून तपासायचं. जुळलं की दोघं टाळी द्यायचे. मला ऑफिसच्या कॉलवर त्यांचा आवाज यायचा आणि मी वैतागून दार लावून घ्यायची.

आई-बाबांचं परतीचं तिकीट काढलेलं होतं. त्याआधीच बाबांना पोटातला आजार निघाला, आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाचं नावच काढू नका म्हणून सांगितलं. बाबांनी माझ्याशी त्यावर वाद घातला नाही. आईला मात्र म्हणाले, "मला इथे ठेवू नको."

"नाही ठेवत. पूर्ण नेईन तुम्हाला. तुमच्याच तांब्यात," आई म्हणाली. गावच्या विहारामागे त्यांनी स्वतः लावलेला पिंपळ आहे, तिथे न्यायचं ठरलं.

ते गेले. पांढरे कपडे घालून चार ओळखीची कुटुंबं आली, वंदना झाली. अंत्यविधीच्या ऑफिसात मी टेबलावर तांब्या ठेवला आणि अस्थी यात द्या म्हणून सांगितलं. तिथल्या बाईने तो हातात घेऊन बघितला आणि हळूच म्हणाली, "धिस मे बी अ लिटल स्मॉल." मला राग आला. आमच्याकडे किती लागतं ते हिला काय माहीत? आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन ओंजळभर अस्थी वेचतात, बाकीची राख तिथलं पाणी आणि माती सांभाळते. तांब्या अर्धाही भरत नाही. इथे काहीच वेचत नाहीत, सगळं दळून परत देतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणायला गेलो तेव्हा बाईने काळा प्लॅस्टिकचा डबा पुढे केला, आणि त्यावर आमचा तांब्या, रिकामा.

आईने डायनिंग टेबलावर पांढरं कापड अंथरलं. "भर," म्हणाली.

मुलीने पट्टी लावून डबा मोजला होता. तांब्याचं उत्तर तर तिला पाठच होतं. "आई, इट वोन्ट फिट. अर्धंच मावेल."

"आजोबांचं गणित आजीला शिकवू नको," आई म्हणाली.

मी ओतत गेले. तांब्या गळ्यापर्यंत भरला आणि डब्यातली पिशवी अजून जड होती. आईने तळहाताने वरून एकदा दाबून पाहिलं, आपण डब्यात पीठ दाबतो तसं. मग हात तसाच ठेवून तिने मला विचारलं, "यातले कुठले न्यायचे?"

हॉस्पिटलमध्ये मी रडले नव्हते. त्या प्रश्नाने मात्र मला आवरेना. मुलगी घाबरून माझ्याकडे बघत राहिली.

निदान अर्धे तरी तांब्यात नेऊ म्हणून मी विमान कंपनीला फोन केला. तेही जमण्यासारखं नव्हतं. धातूच्या भांड्याच्या आतलं मशीनला दिसत नाही, म्हणून ते सोबत नेता येत नाही. प्लॅस्टिकचा डबा चालेल. आईने मग स्वतः तांब्या उचलला आणि सगळं परत पिशवीत ओतलं. तिने कुणालाही हात लावू दिला नाही.

माझे व्हिसाचे कागद अडकलेले होते. बाहेर पडले तर परत आत येता येईल याची खात्री नव्हती, म्हणून आई एकटीच निघाली. एअरपोर्टवर ती व्हीलचेअरमध्ये बसली, मांडीवर डबा, त्यावर दोन्ही हात. "इष्टिकाचिती," मुलगी माझ्या कानाशी पुटपुटली. आजोबांच्या मराठी गणितातला तिच्या तोंडी बसलेला शब्द. मी तिला गप्प केलं. आई सिक्युरिटीच्या पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

तांब्या ती घेऊन गेली नाही. रिकामा बघवत नाही म्हणाली. ती गेल्यावर मी तो नळाखाली धरायला उचलला आणि आत नजर गेली. तळापासून गळ्यापर्यंत आतल्या सगळ्या अंगाला करड्या रंगाचा पातळ थर बसला होता.

मुलीने वाकून पाहिलं. "कल्हई," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आई, आय कॅन फाइंड द सरफेस एरिया. मग किती राहिलंय ते कळेल."

"नको," मी म्हणाले.

दोन दिवसांनी आईचा फोन आला. पिंपळाखाली सगळं नीट झालं, विहारातली माणसं आली होती, ऊन फार होतं. मग तिने विचारलं,

"पूर्ण नेलं ना गं मी त्यांना?"

तांब्या माझ्यासमोर ओट्यावरच होता.

"हो आई," मी म्हणाले. "पूर्ण."

तो मी अजून धुतलेला नाही. धुतलेलं पाणी ओतायला माझ्याकडे या देशात सिंकखेरीज जागा नाही.