दुमडीत गेलेली गल्ली

कात्रीबाईच्या हाताखालून गेलेलं कापड माणसाच्या अंगाला मुकाट बसायचं. कुणाचा खांदा पडलेला, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाला पोक आलेलं. ती टेप क्वचितच लावायची. एकदा डोळाभर बघायची आणि अंगातलं उणं-अधिक कापडात असं जिरवायची, की माणूस आरशापुढून लवकर हलायचा नाही. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. एक मशीन, एक इस्त्री, गिऱ्हाइकाला बसायला स्टूल, आणि मागच्या बाजूला अरुंद दार.

"जास्तीचं सगळं आत घ्यायचं असतं," ती म्हणायची. "लोकांना दिसते ती फक्त शिवण."

एक दिवस नगररचनेच्या कचेरीतली मुलगी दुकानात आली. तिला पुढे सगळे आखणीवाली म्हणू लागले.

"वस्तीत दिवे, नळ, रस्ते कुठे हवेत ते ठरवायचंय," ती म्हणाली. "दर खेपेला आम्ही कचेरीत बसून ठरवतो आणि लोक आम्हाला शिव्या घालतात. या खेपेला कार्यशाळा घेऊन लोकांनीच ठरवायचं. पण कागदाचा नकाशा बघितला की माणसं लांबच उभी राहतात. तुम्ही कापडाचा शिवाल? म्हणजे हात लावायला कुणी भिणार नाही."

कात्रीबाईला मनातून गुदगुल्या झाल्या. वरून ती म्हणाली, "बघू, वेळ मिळाला तर."

मग तिनं वेळच वेळ काढला. रस्ते करड्या पँटच्या कापडाचे, नाला निळ्या अस्तराचा, घरं ज्याच्या त्याच्या शिलाईतून उरलेल्या तुकड्यांची. समोरचे घड्याळवाले काका रोज डोकावून जायचे.

"माझं घर कशाचं केलंस?"

"तुमच्याच पँटच्या खिशाचं."

"भोकासकट?"

"भोक रफू केलंय, काका. शेजारधर्म म्हणून."

कार्यशाळेच्या आदल्या संध्याकाळी सभागृहात टेबलं जोडून तिनं कापड अंथरलं. वस्ती जशीच्या तशी उतरली होती. पण कापड टेबलाच्या कडेवरून वीतभर खाली लोंबत होतं. दुसऱ्या कुणी ते तसंच सोडलं असतं. कात्रीबाईला लोंबणारं कापड बघवत नसे. कुठेतरी आत घ्यायला हवं होतं. बाजारात दुमड घ्यावी तर भाजीवाले बोंब ठोकणार. दवाखान्यात घ्यावी तर पायऱ्या जाणार. तिची बोटं सरकत सरकत नाल्याजवळ आली. नाला आणि दवाखान्याची भिंत यांच्यामध्ये पत्र्याच्या घरांची एक गल्ली होती. तीही तिनं शिवली होती, सगळ्यात बारीक टाके घालून.

तिथलं कोण येतंय, ती मनाशी म्हणाली. दुमड घातली, उलट्या बाजूनं हातानं पक्की टीप घातली. कापड टेबलावर चापूनचोपून बसलं.

त्या गल्लीतच ती जन्मली होती. हे नवऱ्याला ठाऊक होतं, गिऱ्हाइकांना नव्हतं. तिची थोरली बहीण अजून तिथेच राहायची आणि फरशी पुसायची फडकी शिवून विकायची. चिंध्या न्यायला ती दुकानाच्या मागच्या दारानं यायची. पुढच्या दारानं येऊ नकोस असं तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच तिनं येऊ दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सभागृह गजबजलं. आखणीवालीनं सगळ्यांना बटणं वाटली. नळ हवा तिथे निळं, भीती वाटते तिथे लाल, दिवा हवा तिथे पांढरं. माणसं कापडावर ओणवी झाली, सुईदोरा घेऊन बटणं लावू लागली. ज्या बाप्यांनी जन्मात सुई धरली नव्हती, ते बोटं टोचून घेत होते आणि बायका त्यांची टर उडवत होत्या. जो तो कात्रीबाईचं कौतुक करत होता. ती टेबलाच्या डोक्याशी उभी होती, हात बांधून.

तेवढ्यात गल्लीतल्या बायका आल्या. पुढे थोरली बहीण, मुठीत एक पांढरं बटण. ते कुठे लावायचं आहे हे कात्रीबाईला न सांगता कळलं. नाल्यावरच्या फळीपाशी. त्याच फळीवरून अंधारात पाय घसरून त्यांची आई पडली होती आणि पुन्हा उठली नव्हती.

बहिणीचं बोट नाल्यावरून चालत गेलं आणि थबकलं.

"नाला ओलांडला की लगेच दवाखान्याची भिंत आली," ती म्हणाली. "मधे आम्ही राहतो ना?"

"झोपेत उचलून नेलं गं आपल्याला," मागची एक म्हणाली. सगळे हसले.

आखणीवाली गोंधळली. "शिवताना गल्ली राहून गेली का हो?"

"राहिली असेल," कात्रीबाई म्हणाली.

बहीण हसली नव्हती. तिचं बोट पुन्हा मागे आलं, कापडाखालच्या जाड वळावरून एकदा फिरलं. सुई दोघींनी एकाच आईच्या मांडीशी धरली होती. त्या वळाखाली काय आहे हे तिला उघडून बघायची गरज नव्हती. तिनं मान वर करून पाहिलं, आणि धाकटीला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

"होतं असं, बाई," बहीण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "एवढ्या मोठ्या कापडात एखादी गल्ली राहायचीच. मी आपलं कडेला लावते."

बाई. अनोळखी माणसाला म्हणतात तसं. खोटं पकडूनही तिनं त्यावर पांघरूण घातलं होतं, आणि पुन्हा एकदा मागच्या दारानं निघाली होती.

बहिणीनं कापडाच्या किनारीवर सुई टोचली.

"ताई, थांब," कात्रीबाई म्हणाली.

 घड्याळवाले काका चष्म्यावरून बघू लागले.

"राहिली नाही. मी आत घेतलीय."

ती खाली बसली, कापडाची उलटी बाजू हातात घेतली आणि टीप उसवू लागली. रोजचं काम, पण कात्री दोऱ्याऐवजी कापडालाच लागत होती. कुणी मदतीला आलं नाही. शेवटी दुमड सुटली. गल्ली बाहेर आली, चुरगळलेली. कापड पुन्हा कडेवरून वीतभर लोंबू लागलं.

बहिणीनं फळीपाशी बटण लावलं. दोरा दातानं तोडताना ती हळूच म्हणाली, "मग आता चिंध्या न्यायला पुढून येऊ?"

"ये," कात्रीबाई म्हणाली. तिला वर बघवेना.

फळीपाशी दिवा लागला. कापड कचेरीच्या भिंतीवर टांगलं आहे. इस्त्रीनं चुण्या गेल्या, पण टीप होती तिथली सुईची भोकं गल्लीभर तशीच आहेत. कात्रीबाई ते बघायला कधी गेली नाही.

बहीण मात्र आली, पुढच्या दारानं, भर दुपारी. नव्या इमारतीतली एक बाई ब्लाउजच्या मापाला उभी होती. कात्रीबाईची नजर आधी त्या बाईच्या चेहऱ्याकडे गेली. क्षणभरच, पण गेली, आणि बहिणीनं ती जाताना पाहिली.

"ही माझी बहीण," कात्रीबाई म्हणाली. "थोरली."

"असं का," ती बाई म्हणाली.

बहीण स्टुलावर बसली. कात्रीबाईनं टेप काढली, त्या बाईच्या दंडाचं माप घेतलं, आणि ते ध्यानात राहिलं नाही म्हणून पुन्हा घेतलं.